इ. स. १७०० चा कॅस्केडियाचा भूकंप आणि त्याचा कालनिर्णय

ज्या देशांत त्या काळीं लेखनविद्याच नव्हती, तेथें घडलेल्या एखाद्या घटनेचें वर्ष, दिवस आणि प्रहर निश्चित करितां येईल काय, असें कोणीं विचारल्यास आपल्यापैकीं बहुतेक जण नकारार्थीच उत्तर देतील. कागद नाहीं, शिलालेख नाहीं, नाणें नाहीं. मग कालनिर्णय करावा तरी कशाच्या आधारें? असें असूनहि उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर इ. स. १७०० च्या जानेवारीच्या २६ व्या तारखेस रात्रीं नऊच्या सुमारास एक प्रचंड भूकंप झाला, ही गोष्ट आज विद्वानांस सामान्यतः मान्य आहे. त्या किनाऱ्याविषयींच्या लेखी नोंदी इ. स. १७७४ नंतर स्पॅनिश व इंग्रज गलबतें तिकडे फिरूं लागलीं तेव्हांपासूनच काय त्या भरघोस मिळूं लागतात. म्हणजे लेखणी तेथें पोंचण्यापूर्वींच पाऊणशें वर्षें ही घटना होऊन गेली होती.

हा निर्णय कसा झाला, कोणत्या पुराव्यानें किती सिद्ध होतें आणि कोठें तो अपुरा पडतो, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. भूकंपशास्त्र हा आपला नेहमींचा विषय नव्हे. परंतु ज्या कागदांनीं अखेरीस हा प्रश्न सोडविला ते आपल्या पूर्ण परिचयाच्या जातीचे आहेत. दरबारी दप्तरांतील नोंद, व्यापारी घराण्याची टिपणवही, गांवच्या मुख्यानें लिहून ठेविलेली हकीकत, बुडालेल्या गलबताबद्दल साक्षीदारांच्या सह्यांनिशीं केलेला महजर, असे ते कागद. हीच जात आपण दप्तरखान्यांतून रोज चाळीत असतों, आणि त्यांतील पुष्कळसे कागद किरकोळ म्हणून बाजूस सारतों.

प्रथम स्थळाचा विचार करूं. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानाच्या उत्तर भागांत मेंडोसिनो नांवाचें भूशिर आहे. तेथून ऑरेगॉन व वॉशिंग्टन ह्या संस्थानांच्या किनाऱ्यालगत कॅनडांतील व्हँकूव्हर बेटापर्यंत सुमारें १,१०० किलोमीटर लांबीचा एक पट्टा समुद्राखालीं पसरलेला आहे. त्यास कॅस्केडियाचा पट्टा म्हणतात. ह्या ठिकाणीं हुआन दे फुका नांवाचा सागरतळाचा भूपट्ट पूर्वेकडे सरकत सरकत उत्तर अमेरिकेच्या भूपट्टाखालीं शिरत आहे. त्याची गति वर्षास सुमारें ४ सेंटिमीटर, म्हणजे साधारणतः बोटाच्या नखाच्या वाढीइतकी आहे. हें सरकणें अखंड चालतें तर त्यापासून कोणासहि उपद्रव झाला नसता. परंतु दोन्ही भूपट्टांमधील सांध्याचा वरचा, समुद्राकडील भाग घट्ट अडकून बसतो. खालचा भूपट्ट मग वरच्याची कड आपल्याबरोबर ओढीत नेतो. चाप वांकवावा तसा वरचा भूपट्ट वांकत जातो. त्याची समुद्रांतील कड खालीं दबते आणि मागील किनाऱ्याची जमीन हळूहळू फुगून वर येते. शेंकडों वर्षें असा ताण सांचल्यावर सांधा एकदम सुटतो. त्या वेळीं दबलेली कड समुद्राकडे उसळून आपल्यावरील सर्व पाणी वर लोटते, आणि फुगलेला किनारा कांहीं मिनिटांच्या आंत एक-दोन मीटर खालीं बसतो.

ह्यावरून लक्षांत येईल कीं, अशा एका भूकंपाच्या खुणा दोन ठिकाणीं राहतात. खचलेला किनारा जागच्या जागीं राहतो. लाट मात्र महासागर ओलांडून परमुलखांत जाते. पुढील सर्व विवेचन ह्या दोन खुणांची गांठ घालण्याचें आहे.

इ. स. १९८० च्या सुमारास कित्येक भूशास्त्रज्ञांचा असा समज होता कीं, कॅस्केडियाच्या पट्ट्यांत भूपट्ट निमूटपणें सरकतात व तेथें मोठे भूकंप होत नाहींत. कारण काय, तर लेखी इतिहासाच्या दोनशें वर्षांत त्या सांध्यावर तसा एकहि भूकंप नोंदलेला नव्हता. नोंद नाहीं म्हणून घटना नाहीं, हा तर्क किती दुबळा असतो हें आपणांस नव्यानें सांगावयास नको. इ. स. १९८४ मध्यें टॉमस हीटन व हिरू कानामोरी ह्या दोघांनीं ह्या पट्ट्याची तुलना दक्षिण चिली, नैऋत्य जपान इत्यादि भूकंपप्रवण पट्ट्यांशीं करून असें दाखविलें कीं, ज्या ठिकाणीं प्रचंड भूकंप होतात त्यांच्याशींच ह्याचें साम्य अधिक आहे. तथापि हें केवळ अनुमान होतें. प्रत्यक्ष प्रमाण जमिनींतून काढावयाचें होतें.

तें काम ब्रायन अॅटवॉटर ह्या भूशास्त्रज्ञानें केलें. इ. स. १९८६ पासून तो वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरील खाड्यांतून होडी व कुदळ घेऊन हिंडला. ओहोटीच्या वेळीं खाडीचे कांठ उघडे पडतात. ते खरवडले असतां थरांवर थर दिसतात. सर्वांत वर आजची खारट दलदल व तिच्यावरील गवत. त्याखालीं भरतीच्या पाण्यानें आणून टाकिलेला करडा चिखल. त्याखालीं पुष्कळ ठिकाणीं वाळूचा एक पातळ पापुद्रा. आणि त्याच्याहि खालीं काळी, मुळांनीं भरलेली जुनी जमीन. तिच्यावर एके काळीं गवत व वृक्ष उभे होते. किनारा शतकानुशतकें हळूहळू खचत गेला असता तर काळ्या मातीचें चिखलांत रूपांतर क्रमाक्रमानें झालेलें दिसलें असतें. येथें तसें नाहीं. दोहोंमधील रेघ सुरीनें कापल्यासारखी स्पष्ट आहे. वाळूचा पापुद्रा समुद्राकडे जाड व आंत जावें तसा विरळ होत जातो, म्हणजे वाळू समुद्रांतून आली. कोठें कोठें तर गवताचे देंठ वाळूंत व चिखलांत उभेच्या उभे गाडलेले सांपडले. ते कुजण्याइतकाहि अवधि मध्यें गेला नव्हता. जमीन खचली, लगेच समुद्र आंत शिरला, आणि नंतर भरती-ओहोटी तेथें कायमची येऊं-जाऊं लागली, असा ह्या थरांचा अर्थ होतो. ऑरेगॉनमधील कांहीं नदीमुखांशीं तर तेथील मूळ रहिवाशांच्या चुली व त्यांतील कोळसे अशाच वाळूखालीं सांपडले आहेत. अशी पुरलेली जमीन एकच नाहीं. वॉशिंग्टनच्या दक्षिणेकडील विलापा खाडींत गेल्या सुमारें साडेतीन हजार वर्षांतील सात भूकंपांच्या खुणा एकाखालीं एक मिळाल्या आहेत. प्रस्तुत विषय त्यांतील सर्वांत वरच्या, म्हणजे शेवटच्या, खुणेचा आहे.

ह्या थराचें साल कसें काढावयाचें? त्याच भागांत कोपॅलिस नदीच्या मुखाजवळ खाऱ्या दलदलींत सीडर जातीच्या वृक्षांचे पांढुरके, निष्पर्ण बुंधे आजहि उभे आहेत. तिकडील लोक त्यांस ‘भुतांचें रान’ म्हणतात. हे वृक्ष गोड्या जमिनीवर वाढलेले. जमीन खचून मुळांशीं खारें पाणी आल्यामुळें ते जागींच वाळले. सीडरचें लांकूड सहसा कुजत नाहीं म्हणून ते तीन शतकें टिकले. असेंच वाळलेलें रान अलास्कांत इ. स. १९६४ च्या भूकंपानंतर लोकांनीं डोळ्यांदेखत तयार होतांना पाहिलें आहे, त्यामुळें ह्या अर्थाविषयीं शंका राहत नाहीं. कार्बन-१४ च्या पद्धतीनें ह्या वृक्षांचा व गाडलेल्या गवताचा काळ काढला तेव्हां तो इ. स. १६८० ते १७२० च्या दरम्यान येऊं लागला. डेव्हिड यामागुची ह्यानें वृक्षांतील वार्षिक वलयें मोजून असें दाखविलें कीं, कांहीं वृक्ष १६९० नंतरच्या दशकांत निश्चितपणें जिवंत होते. परंतु उभ्या बुंध्यांची साल व बाहेरचीं वलयें झिजून गेलेलीं असल्यामुळें शेवटचें वलय कोणतें हें बुंध्यावरून सांगतां येईना. शोध येथवर येऊन थांबला. निसर्गाच्या पुराव्यानें चाळीस वर्षांची मुदत आंखून दिली. त्या मुदतींत बोट ठेवावयास कागदच हवा होता.

तो कागद महासागराच्या पलीकडे निघाला. जपानी लोकांस समुद्राच्या लाटांचा अनुभव फार जुना. त्यांच्याकडील नोंदींत बहुतेक लाटांच्या आधीं भूकंपाचा धक्का आलेला असतो. परंतु कांहीं लाटा धक्क्यावांचून आलेल्या नमूद आहेत. इ. स. १९६० च्या मे महिन्यांत दक्षिण अमेरिकेंतील चिली येथें आजवर मोजलेल्या भूकंपांत सर्वांत मोठा भूकंप झाला. त्याची लाट सुमारें एका दिवसानें जपानास पोंचून तेथें सुमारें १४० माणसें दगावलीं. किनाऱ्यावर कोणासहि धक्का जाणवला नव्हता. ह्या अनर्थानंतर जुन्या नोंदींतील अशा निराधार लाटांचीं मायबापें समुद्रापार शोधण्याचा प्रघात पडला. पुष्कळ लाटांचा उगम पेरू व चिलीकडील भूकंपांत सांपडला. स्पॅनिश अंमलामुळें तिकडील तारखा उपलब्ध होत्या. पण एका लाटेचा उगम कांहीं केल्या सांपडेना. तिच्या नोंदी गेन्रोकु शकाच्या १२ व्या वर्षाच्या १२ व्या महिन्यांतील ८ व्या व ९ व्या दिवसांच्या आहेत.

ह्या नोंदी वाचण्यासारख्या आहेत. जपानच्या ईशान्येस मियाको नांवाचा उपसागर आहे व त्यावर कुवागासाकी हें बंदर आहे. तो मुलूख मोरिओका येथील सरदारांकडे होता. त्यांच्या दप्तरांत नमूद आहे कीं, ८ व्या दिवशीं मध्यरात्रीं समुद्र गांवांत शिरला, लोक डोंगरावर पळाले, १३ घरें पाण्यानें गेलीं, आणि त्याच गडबडींत आग लागून आणखी २० घरें जळालीं. अधिकाऱ्यांनीं लोकांस तांदूळ वांटला व निवाऱ्यासाठीं लांकूड मागितलें. त्याच मुलखांतील ओत्सुची येथें दोन घरें, मीठ आटविण्याच्या दोन भट्ट्या व कांहीं शेतें ह्यांची नासाडी झाल्याचें लिहिलें आहे. कुवागासाकीजवळच त्सुगारुइशी येथील एका व्यापारी घराण्याच्या टिपणवहींत नदीच्या वाटेनें पाणी आंत कोठवर चढलें तें आहे. दक्षिणेस नाकामिनातो येथें तांदूळ भरून आलेलें एक गलबत नदीमुखांत शिरूं पाहत होतें. उसळत्या पाण्यामुळें तें आंत येऊं शकलें नाहीं, बाहेर नांगरून राहिलें, आणि पुढें वादळांत सांपडून खडकावर फुटलें. दोन खलाशी व सर्व तांदूळ गेला. माल कसा गेला ह्याचा जबाब मालकास द्यावा लागणार म्हणून गांवकऱ्यांच्या सह्यांचा एक दाखला करून घेण्यांत आला. मघाशीं महजर म्हटलें तो हाच. आणखी दक्षिणेस तानाबे येथें पाणी एका सरकारी कोठारांत शिरलें व किल्ल्याच्या खंदकापर्यंत आलें, असें तेथील नगरदप्तरांत आहे.

परंतु ह्या सर्वांत आमच्या मतें अधिक मोलाची नोंद मिहो ह्या खेड्याच्या मुख्याची आहे. फुजी पर्वताच्या दक्षिणेस समुद्रांत शिरलेल्या एका वाळूच्या दांड्यावर हें गांव आहे. पहांटेपासून समुद्र पुन्हां पुन्हां वर येऊं लागला व खालीं जाऊं लागला. हा मुख्य गोंधळून गेला. भूकंपानंतर असें होतें हें त्यानें ऐकलें होतें. पण आपल्या गांवांत किंवा आसपास भूकंप तर झालेला नाहीं, मग हें काय असावें, असा विचार त्यानें लिहून ठेविला आहे. तरीहि त्यानें वृद्ध व मुलें ह्यांस गांवच्या देवळाकडे पाठवून दिलें. कारण समजेना म्हणून त्यानें नोंद टाळली नाहीं आणि पदरचें कारणहि घुसडलें नाहीं. पाहिलें तेवढें लिहिलें, कळलें नाहीं तें कळलें नाहीं म्हणून लिहिलें. हें वाचतांना आपल्याकडील कित्येक बखरकारांची आठवण होऊन मन थोडें खट्टू होतें. कित्येक लेखकांनीं तर ह्या पाण्यास त्सुनामी हें नांवहि न देतां मोठी भरती असेंच म्हटलें आहे.

आतां ही खरोखर मोठी भरतीच कशावरून नव्हे? येथें तिथीचा उपयोग होतो. जपानी महिना हा चांद्रमास. त्याची ८ वी तिथि म्हणजे आपली शुद्ध अष्टमीच्या आसपासची तिथि. उधाण येतें तें अमावास्या-पौर्णिमेस. अष्टमीला भांग असतो हें कोंकणांतील कोणताहि खारवी सांगेल. ज्या रात्रीं समुद्रानें सर्वांत कमी चढावें त्या रात्रीं तो घरांत शिरला, तर त्याचें कारण चंद्र नव्हे. चक्री वादळ म्हणावें तर तिकडील वादळांचा हंगाम उन्हाळा व पावसाळ्याच्या अखेरीचा. पौष-माघांत तीं होत नाहींत. नाकामिनातोचें वादळ हें समुद्र उसळल्यानंतरचें व त्या ठिकाणापुरतें. आणि कुवागासाकीपासून तानाबेपर्यंतच्या सुमारें हजार किलोमीटर किनाऱ्यावर एका रात्रींत व पुढल्या सकाळींत पाणी चढण्यास तें पुरें पडत नाहीं.

मग भूकंप कोठला? केंजी साताके, कुनिहिको शिमाझाकी, योशिनोबु त्सुजी व काझुए उएदा ह्यांनीं इ. स. १९९६ च्या जानेवारींत ‘नेचर’ ह्या नियतकालिकांत ह्याचा निर्णय प्रसिद्ध केला. त्यांची पद्धति निराकरणाची आहे. जपानांतील भूकंप म्हणावा तर धक्का कोणासच जाणवलेला नाहीं. पेरू-चिलीचा म्हणावा तर तेथील स्पॅनिश कागदांत त्या दिवसांचा असा भूकंप नाहीं. कामचाटका व अलास्का हे प्रदेश राहतात. पण तेथून निघालेली लाट जपानच्या निरनिराळ्या गांवीं ज्या प्रमाणांत पोंचली असती तें गणित नोंदींशीं जुळत नाहीं. १९६४ चा अलास्काचा भूकंप इतका मोठा असून त्याची लाट जपानांत अगदीं क्षीण होती, कारण तिचा रोख दुसरीकडे होता. राहिला कॅस्केडिया, आणि तेथें तर १६८० ते १७२० च्या दरम्यान किनारा खचल्याचें आधींच सिद्ध झालें होतें. जपानी विद्वानांस ह्या मुदतीची माहिती नसती तर त्यांनीं तिकडे बोट दाखविण्याचें धाडस केलें असतें कीं नाहीं ह्याची शंकाच आहे.

प्रहराचा हिशेब पुढीलप्रमाणें आहे. खोल समुद्रांत अशा लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. चार हजार मीटर खोलीस तो ताशीं सुमारें ७०० किलोमीटर भरतो. त्या मानानें कॅस्केडियाहून ईशान्य जपानला पोंचावयास सुमारें १० तास लागतात. कुवागासाकीस पाणी आलें तें २७ जानेवारीची रात्र संपून २८ लागावयाच्या सुमारास. त्यांतून १० तास वजा केले म्हणजे जपानांतील २७ तारखेची दुपारचे दोन ही वेळ येते. अमेरिकेचा पश्चिम किनारा जपानच्या १७ तास मागें. तेव्हां तेथें २६ तारखेच्या रात्रीचे नऊ वाजले होते. आपल्या जंत्र्यांतून त्या काळच्या तारखा जुन्या ज्यूलियन पद्धतीनें दिलेल्या असतात; त्या पद्धतीनें ही १६ जानेवारी होय. आपल्या पंचांगानें हा शके १६२१ च्या माघ शुद्ध पक्षाचा मध्य होतो. औरंगजेब त्या वेळीं साताऱ्याच्या किल्ल्यास वेढा घालून बसला होता, आणि छत्रपति राजाराम महाराजांच्या निधनास दीड महिना अवकाश होता.

तर्क कितीहि सुसंगत असला तरी त्यास स्वतंत्र कसोटी लागते. ती लगेच लावण्यांत आली, आणि ह्या सर्व प्रकरणांतील हा भाग संशोधकांनीं विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. जपानी निर्णय खरा असेल तर वॉशिंग्टनमधील वृक्षांचें शेवटचें वलय १६९९ च्या उन्हाळ्याचें असलें पाहिजे; १७०० चें एकहि वलय सांपडतां उपयोगी नाहीं. बुंध्यांची साल गेली होती, पण चिखलांत पुरलेल्या मुळांची साल शाबूत होती. तेव्हां मुळें खणून काढण्यांत आलीं. दक्षिण वॉशिंग्टनच्या निरनिराळ्या खाड्यांतील अशा मुळांचीं वलयें जिवंत वृक्षांच्या वलयांशीं ताडून पाहिलीं असतां शेवटचें पुरें वलय जवळजवळ सर्वत्र १६९९ चेंच निघालें. अर्थात् वृक्ष मेले ते १६९९ च्या ऑगस्टनंतर व १७०० च्या मे महिन्यापूर्वीं. यामागुची व त्याच्या सहकाऱ्यांनीं हा निष्कर्ष १९९७ मध्यें प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं दुसऱ्या संशोधकांनीं असेंहि दाखविलें कीं, भूकंपांतून वांचलेल्या कांहीं वृक्षांचीं वलयें १७०० पासून पुढें कांहीं वर्षें अरुंद व विकृत झालेलीं आहेत. महासागराच्या दोन कांठांवरील दोन साक्षीदार, एकाची दुसऱ्यास ओळख नाहीं, आणि दोघांची जबानी मिळते. ह्याहून बळकट पुरावा इतिहासांत क्वचित् मिळतो.

ज्यांच्या अंगणांत हा भूकंप झाला त्या लोकांची साक्ष अगदींच नाहीं असें मात्र नाहीं. व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पाचेना उपसागराच्या कांठीं एक गांव होतें. तेथील हू-अय-अत लोकांच्या परंपरेंत असें सांगत आले कीं, एके रात्रीं जमीन हादरली, मागोमाग समुद्र आला, आणि वांचण्यास कोणासहि सवड न मिळतां तो गांव माणसांसकट नाहींसा झाला. टेकडीच्या बाजूस उंचावर राहणारे तेवढे उरले. वॉशिंग्टनच्या वायव्य टोंकास मकाह लोक राहतात. त्यांच्यांतील एका मुख्यानें सांगितलेली हकीकत जेम्स स्वॉन ह्या अमेरिकन गृहस्थानें इ. स. १८६४ च्या जानेवारींत आपल्या रोजनिशींत टिपून ठेविली: समुद्र आधीं मागें हटला, मग चढत चढत सर्व जमीन बुडवून गेला, होड्या झाडांवर जाऊन अडकल्या व पुष्कळ माणसें मेलीं. ह्याच किनाऱ्यावर महागरुड व देवमासा ह्यांच्या झुंजीच्या कथा आहेत, त्यांत पृथ्वीचा थरकांप व समुद्राचें चढणें येतें. अशा कथांतून साल काढतां येत नाहीं. पिढ्या मोजून कोणीं काढलें तर तें ढोबळच असावयाचें. पण जपानी गणितानें ठरविलेली वेळ रात्रीची आहे, आणि पाचेनाची आठवणहि रात्रीचीच आहे. स्वॉनच्या रोजनिशीकडे सव्वाशें वर्षें कोणी भूकंपाचा पुरावा म्हणून पाहिलें नाहीं, ह्याचें कारण ती सांगणारांस कोणीं साक्षीदारच मानलें नव्हतें, असें आम्हांस वाटतें.

भूकंपाच्या मोठेपणाविषयीं थोडें लिहिलें पाहिजे. साताके व त्याच्या सहकाऱ्यांनीं जपानांतील पाण्याच्या उंचीवरून उलट गणित करून त्याचें मान ९ च्या सुमारास धरलें; २००३ मध्यें पुन्हां तपासून ८.७ ते ९.२ ह्या मर्यादा दिल्या. १,१०० किलोमीटरचा सबंध सांधा एकदम सुटला व भूपट्ट सरासरी १९ मीटर सरकला असें धरलें तर नोंदींशीं मेळ बसतो. वर्षास ४ सेंटिमीटर ह्या हिशेबानें १९ मीटरांचा ताण सांचण्यास पावणेपांचशें वर्षें लागतात, आणि गाडलेल्या थरांवरून दोन भूकंपांतील सरासरी अंतरहि सुमारें पांचशें वर्षांचेंच येतें. तें अंतर फार अनियमित आहे, हें येथेंच सांगितलें पाहिजे. कधीं दोन-तीन शतकें, तर कधीं हजारांच्या जवळपास.

परंतु सबंध सांधा एकाच रात्रीं सुटला, हें सिद्ध झालें आहे काय? येथें पुराव्याची सीमा लागते. वलयांचा पुरावा मुख्यतः वॉशिंग्टनचा. ऑरेगॉनचा दक्षिण भाग व कॅलिफोर्निया येथें कार्बन-१४ वरच भिस्त आहे, आणि तो एक-दोन दशकांहून बारीक भेद करीत नाहीं. समजा, २६ जानेवारीस सांध्याचा मोठा भाग सुटला आणि उरलेला मागें-पुढें कांहीं वर्षांच्या अंतरानें लहान भूकंपांत सुटला; तर मातीचे थर असेच दिसले असते, आणि लहान भूकंपांच्या लाटा जपानांत कोणाच्या नजरेसहि आल्या नसत्या. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत गणितानें असें दाखविण्यांत आलें आहे कीं, ही उपपत्ति जपानी नोंदींशीं विसंगत नाहीं. एका भूकंपाचा पक्ष आजहि अधिक जणांस मान्य आहे. आमचाहि कल तिकडेच आहे. तथापि कुवागासाकीच्या कागदानें एका लाटेची तारीख सिद्ध होते, एवढेंच त्याच्याकडून वदवून घ्यावें.

ह्या निर्णयाचे परिणाम कागदावरच राहिले नाहींत. सिअॅटल, पोर्टलंड, व्हँकूव्हर हीं मोठीं शहरें ह्या पट्ट्याच्या आसपास आहेत. प्रचंड भूकंप येथें होतच नाहींत अशा समजुतीवर त्यांतील पुष्कळसें जुनें बांधकाम झालेलें आहे. १९९० नंतर बांधकामाचे नियम कडक झाले, किनाऱ्यावर लाटेच्या वेळीं पळावयाच्या वाटा आंखण्यांत आल्या. वॉशिंग्टनमधील वेस्टपोर्ट हें गांव सपाट वाळूच्या दांड्यावर, बरेंचसें मिहोसारखें आहे. पळावयास जवळ टेकडी नाहीं. तेथें २०१६ मध्यें ओकोस्टा नांवाची प्राथमिक शाळा अशी बांधण्यांत आली कीं, लाट आल्यास मुलांनीं व गांवकऱ्यांनीं तिच्या छपरावर चढून उभें राहावें. अमेरिकेंत अशी ही पहिली इमारत होय.

आपल्या समुद्राचा ह्या विषयाशीं संबंध आहे. अरबी समुद्राच्या उत्तरेस मकरानच्या किनाऱ्याखालीं असाच एक भूपट्ट दुसऱ्याखालीं शिरत आहे. २८ नोव्हेंबर १९४५ रोजीं पहांटे तेथें मोठा भूकंप झाला; त्याची लाट सकाळीं मुंबईच्या किनाऱ्यास येऊन कांहीं माणसें वाहून गेलीं. त्या वेळीं भूकंपमापक यंत्रें होतीं म्हणून लाटेचा उगम लगेच कळला. यंत्रांपूर्वींच्या काळीं अशी लाट आली असल्यास तिची नोंद शोधावयाची कोठें? पोर्तुगीज बखरकारांनीं लिहिलें आहे कीं, १५२४ च्या सप्टेंबरांत वास्को द गामाचें आरमार दाभोळच्या बाजूस असतां वारा पडलेला असूनहि जहाजें थरथरूं लागलीं. त्या कंपाचा उगम अद्याप निश्चित झालेला नाहीं. मिठागरांचे, खाजणांचे, बंदरांच्या जकातीचे व फुटलेल्या गलबतांचे मोडी आणि पोर्तुगीज कागद कोंकण व गोमंतकाच्या दप्तरांतून विपुल आहेत. खाजणाचा बांध फुटला, मिठागर बुडालें, शेतांत खारें पाणी आलें म्हणून सूट मिळावी, अशा मजकुराचा कागद हातीं आल्यास त्यावरील तिथि प्रथम पाहावी. ती अमावास्या-पौर्णिमेजवळची किंवा पावसाळ्यांतील असेल तर उधाण व वादळ ह्यांचाच विचार आधीं करावा. ती अष्टमीच्या आसपासची, हिंवाळ्यांतील आणि वाऱ्याचा उल्लेख नसलेली असेल, तर तो कागद वेगळा काढून ठेवावा आणि त्याच दिवसाचा दुसऱ्या बंदराचा कागद शोधावा.